हॉस्टेलचं घर करणारा माणूस

मेसची भाजी पातळ झाली की आपण ताट सरकवतो आणि मेस सेक्रेटरीच्या नावानं शंख करतो. महिन्यातून एकदा तरी हा कार्यक्रम हॉस्टेलवर होतोच, आणि खोटं कशाला बोलू, मीही त्यात मागे नसतो. पण साताऱ्यातल्या एका हॉस्टेलची गोष्ट वाचली आणि त्या दिवशी ताटातली पातळ भाजी मुकाट्यानं संपवली.

गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वीची. हॉस्टेलात सगळ्या जातींची गरीब पोरं. फी नाही, डिपॉझिट नाही. एके दिवशी कोठीतलं धान्य संपलं. हॉस्टेल चालवणारा माणूस वर्गणी गोळा करायला परगावी गेलेला. पोरं भुकेली. त्या माणसाच्या बायकोच्या अंगावरचं सोनं आधीच पोरांच्या पोटात गेलं होतं. उरलं होतं फक्त मंगळसूत्र. तिनं ते काढून दिलं, धान्य आणलं आणि पोरांना जेवू घातलं. त्या माउलीचं नाव लक्ष्मीबाई आणि त्या माणसाचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील. आपण त्यांना कर्मवीर म्हणून ओळखतो.

ओळखतो म्हणजे काय, तर स्पर्धा परीक्षेत एका मार्काला येतात म्हणून ओळखतो. रयत शिक्षण संस्थेची स्थापना कोणी केली? गोल काळा करायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. फार तर 'कमवा आणि शिका' योजनेचा फॉर्म भरताना नाव कानावर पडतं. पण मित्रांनो, बीड जिल्ह्यातल्या हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्यासारख्या पोरापोरींनी या माणसाकडे जरा थांबून बघायला हवं असं मला वाटतं. का, ते शेवटी सांगतो. आधी त्यांची गोष्ट.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर भागातल्या कुंभोज या आजोळच्या गावी. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, शेतकरी जैन कुटुंब. वडील महसूल खात्यात कारकून, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. भाऊराव अंगानं दणकट, स्वभावानं बंडखोर आणि अभ्यासात... आता कसं सांगावं? आपल्या भाषेत सांगायचं तर कायम एटीकेटी! लहानपणी विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत हे पाहून या पोरानं विहिरीचा रहाटच मोडून टाकला असं सांगतात.

पुढच्या शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना कोल्हापूरला पाठवलं. तिथे ते जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या अधीक्षकांनी आंघोळ करून मगच जेवणघरात यायला सांगितलं. भाऊरावांनी साफ नकार दिला. परिणाम काय होणार? बोर्डिंगमधून हकालपट्टी. अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रस्त्यावर आलेल्या या पोराला आसरा दिला तो राजर्षी शाहू महाराजांनी. एक राजा निरनिराळ्या जातींच्या गरीब मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहांमागून वसतिगृहं कशी उभी करतो, हे भाऊरावांनी अगदी जवळून पाहिलं. शाळेत मात्र त्यांची गाडी इंग्रजी सहावीच्या पुढे सरकली नाही. पुढे ज्या माणसानं शेकडो शाळा काढल्या, तो स्वतः मॅट्रिकसुद्धा नव्हता! बॅकलॉग राहिला म्हणून रूमचं दार लावून बसणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर चिकटवायला हरकत नाही.

नंतर साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घ्यायला सुरुवात केली आणि पाटील मास्तर म्हणून त्यांचं नाव झालं. सगळं बरं चाललेलं असताना १९१४ मध्ये एक संकट आलं. कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. संशय घेतला गेला तो अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर. हो, तेच लठ्ठे. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांना पकडलं, मारलं, कोंडून ठेवलं. ज्यानं आपल्याला बोर्डिंगमधून बाहेर काढलं त्याचा हिशोब चुकता करायची केवढी आयती संधी! पण भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. छळ असह्य होऊन त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला, पण साक्ष दिली नाही ती नाहीच. अखेर सुटका झाली. सत्तावीस वर्षांचा हा तरुण तुरुंगातून बाहेर आला तेव्हा त्याच्याकडे पदवी नव्हती, नोकरी नव्हती, पण शब्दाला किंमत होती.

इथून पुढचा भाग आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचावा. भाऊराव फिरते विक्रेते झाले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले, ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील विकले. लोखंडाच्या नांगरानं जमीन विषारी होते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलून नांगर गळी उतरवणं म्हणजे आजच्या मार्केटिंगवाल्यांनाही घाम फुटेल असं काम. भाऊराव त्यात तरबेज होते. पुढे सातारा रोडजवळच्या कूपर यांच्या कारखान्यासाठीही त्यांनी काम केलं.

या फिरतीत त्यांनी दक्षिण महाराष्ट्रातली गावंच्या गावं पायाखाली घातली. नांगर घेणारा शेतकरी कागदावर अंगठा उठवतो. त्याच्या कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही. त्याचं पोर हुशार आहे, पण ते गुरांमागे जातं, कारण गावात शाळा नाही, आणि शाळा आहे त्या गावात राहायला जागा नाही. नांगर विकून शेत नांगरलं जाईल, पण या घराचं नशीब नांगरायचं तर दुसरं अवजार लागेल, हे त्यांना पटत गेलं. कूपर यांनी कारखान्याच्या कमाईतून शिक्षणकार्याला पैसे देण्याचं कबूल केलं होतं, पण ते दिले नाहीत. भाऊरावांनी तिथून काढता पाय घेतला आणि चांगली चालती कमाई सोडून ते पूर्णवेळ पोरांचे झाले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेत, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सुरुवात कशानं झाली बघा. शाळेनं नाही, वसतिगृहानं! मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. शाळा गावातल्या सगळ्यांसाठी उघडी असली तरी गरिबाचं पोर तिथे टिकत नाही. कारण संध्याकाळी त्याला भाकरी कोण देणार, रात्री कंदील कोण देणार, आजारी पडलं तर कपाळावर हात कोण ठेवणार, हे प्रश्न शाळा सुटल्यावर सुरू होतात. भाऊरावांनी आधी या प्रश्नांना हात घातला.

१९२४ मध्ये काम साताऱ्याला आलं. मोजक्या पोरांवर बोर्डिंग सुरू झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका छपराखाली राहायची, एकत्र स्वयंपाक करायची आणि एका पंक्तीला जेवायची. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण त्या काळात याच कारणासाठी वर्गणी देणारे हात आखडता घेत. लक्ष्मीबाई स्वतः सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. सुरुवातीला त्यांनाही हे जड गेलं. पण एकदा त्या पोरांच्या आई झाल्या आणि मग सोवळं चुलीत गेलं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी इथे आले आणि बोर्डिंगचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण त्यांच्या हस्ते झालं. साबरमतीला आपल्याला जे नीट जमलं नाही ते इथे जमलेलं दिसतंय, अशी कबुली गांधीजींनी दिली होती. लक्ष्मीबाई मात्र १९३० मध्ये गेल्या. ज्या वडाच्या झाडाला पुढे शेकडो पारंब्या फुटल्या, त्याचा विस्तार बघायला त्या उरल्या नाहीत.

बोर्डिंग चालायचं कशावर? एक तर मुष्टिफंडावर. गावोगावच्या बायका दळण-कांडण करताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, ते गोळा होऊन पोरांच्या कोठीत यायचं. दुसरं म्हणजे पोरांच्या घामावर. पोरं शेतात राबायची, दळायची, स्वयंपाक करायची, खडी फोडायची, माळरान फोडून जमीन करायची. फुकटचं खाऊन शिकलेला माणूस पुढे फुकटाचीच वाट बघत बसतो, असं भाऊरावांचं मत होतं. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचं ब्रीद झालं आणि वटवृक्ष हे बोधचिन्ह. आज विद्यापीठांत जी 'कमवा आणि शिका' योजना चालते तिचं मूळ या माळरानावर आहे.

आता मला जे सांगायचंय ते इथे येतं. गरीब मुलाला मदत करणारे पुष्कळ असतात. कुणी वह्या वाटतो, कुणी गणवेश देतो, फोटो छापून येतो आणि संपतं. भाऊरावांनी पोराचा हात एकदा धरला की ते पोर स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत सोडला नाही. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं! आणि पुढची प्रत्येक पायरी ते पोर तिथे पोचायच्या आत बांधून ठेवली.

जरा क्रम बघा. गावातून पोर आणलं, बोर्डिंगमध्ये ठेवलं. ते मोठं झालं तर पुढे काय? १९३२ मध्ये पुणे कराराच्या आठवणीत पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं, म्हणजे पुण्याला शिकणाऱ्यांची सोय झाली. शिकून पोटापाण्याचं काय? १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. बोर्डिंगात वाढलेला पोरगा तिथून मास्तर होऊन बाहेर पडायचा आणि ज्या खेड्यात शाळा नाही तिथे जाऊन व्हॉलंटरी शाळा सुरू करायचा. अशा शेकडो शाळा निघाल्या, म्हणजे पोराला नोकरी मिळाली आणि गावाला शाळा मिळाली! हायस्कूलची फी परवडत नाही? १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, फुकट आणि निवासी. कॉलेजचं काय? १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, तिथेही श्रम करा आणि शिका. १९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावानं कॉलेज, १९५५ मध्ये मौलाना आझादांच्या नावानं साताऱ्यात बी.एड. कॉलेज. आपण असेंब्ली लाइन शिकतो ना, तसं बघा. पण इथे मधेच एखादा पार्ट खाली पडला तर तो उचलून घेणारा माणूसही लाइनवरच उभा होता.

दोन उदाहरणं देतो. संस्था निघायच्या आधीची गोष्ट. ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप नावाचा एक अस्पृश्य मुलगा वर्गाच्या बाहेर बसून शिकताना भाऊरावांना दिसला. त्यांनी त्याला उचललं आणि कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क बोर्डिंगात दाखल केलं असं सांगतात. हेच घोलप पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'चे संपादक झाले आणि मुंबई कायदेमंडळाचे सभासदही झाले. वर्गाच्या बाहेरून थेट कायदेमंडळाच्या आत!

दुसरं उदाहरण बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचं. बोर्डिंगच्या छायेत वाढलेला हा हुशार विद्यार्थी लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला. मुंबईत वकिली केली असती तर पैशाला तोटा नव्हता. पण ते परत आले, रयतमध्ये शिकवू लागले, प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊरावांचं मोठं चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवलं. वडाची पारंबी जमिनीला टेकून स्वतःच खोड होते म्हणतात, ती अशी.

सगळं गोड गोड झालं असंही नाही. भाऊराव फटकळ होते. पोरांवर माया होती तशीच जरबही होती. स्वातंत्र्यानंतर सरकारवर त्यांनी केलेली टीका झोंबली आणि त्या वेळच्या मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदानच थांबवलं. शिक्षकांचे पगार थकले, पण लोक मागे उभे राहिले आणि शेवटी अनुदान पुन्हा सुरू झालं. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा पण त्यांनी केला होता. पांढरी दाढी, खादीचे कपडे, हातात काठी आणि पाय अनवाणी, अशा अवतारात हा म्हातारा गावोगाव फिरत राहिला. १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. तेव्हा संस्थेची शंभरावर हायस्कुलं होती. आज संस्थेच्या शाखा सातशेच्या वर आहेत आणि साताऱ्यात त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे.

आता वर सांगितलेलं 'का'.

भाऊरावांच्या हयातीत बराच काळ आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्यांच्या बोर्डिंगची सावली इथपर्यंत यायची सोय नव्हती. पण गंमत बघा, दसरा झाला की आपल्या वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासारकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून जातात ते कुठे? सातारा, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटकात. कर्मवीरांच्याच मुलखात! मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. फडाशेजारी कोपी पडते. जवळच रयतची शाळा भरते, घंटा ऐकू येते, आणि आपलं पोर मात्र कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं किंवा वाढं गोळा करतं. सहा महिन्यांनी परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो. पोरगी असेल तर तिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून वयात यायच्या आधीच उजवून टाकतात.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी भाऊरावांना जो प्रश्न दिसला तोच आजही आपल्या दारात आहे. शाळा आहे, पण संध्याकाळी पोराला कोण सांभाळणार? जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं चालतात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना मंजूर केली. चांगलंच आहे. पण छप्पर आणि जेवण मिळालं तरी हात धरणारा माणूस लागतोच. आपल्याच हॉस्टेलवर विचारून बघा. कोपीत राहिलेली पोरं आपल्यातही आहेत. ती इथवर पोचली कारण मागे गावात एक आजी होती, एक मावशी होती, नाहीतर एखादे गुरुजी होते, ज्यांनी चौथीपासून बारावीपर्यंत त्यांना नजरेआड होऊ दिलं नाही. प्रत्येकाला अशी आजी कुठून मिळणार?

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. आपल्यापैकी प्रत्येकानं एक पोर धरायचं. आपल्या गावातलं किंवा कॉलेजजवळच्या जिल्हा परिषद शाळेतलं. वह्या वाटायच्या नाहीत. त्याला पाचवीत असताना नवोदयच्या परीक्षेबद्दल सांगायचं, आठवीत एनएमएमएसचा फॉर्म भरून घ्यायचा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढायला लावायचा, दहावीनंतर आयटीआय, पॉलिटेक्निक की अकरावी हे त्याच्याशी बसून बोलायचं, ॲडमिशनच्या राउंडला त्याच्यासोबत उभं राहायचं. आपल्याला यातलं सगळं माहीत आहे, कारण आपण नुकतेच त्यातून आलोय. त्याच्या आईबापांना मात्र यातलं काही माहीत नाही, आणि तो त्यांचा दोष नाही.

अडचण एकच. आज चौथीत असलेलं पोर इंजिनिअर व्हायला बारा वर्षं लागतात आणि आपण तर दोन-तीन वर्षांत इथून जाणार. म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती, की या पोरांची एक वही तुम्ही ठेवा. विद्यार्थी येतात-जातात, तुम्ही असता. आणि आपण जिथे नोकरीला जाऊ तिथून फोन तर लावू शकतो! भाऊराव पायी फिरले. आपल्या खिशात मोबाइल आहे.

सुरुवातीला मंगळसूत्राची गोष्ट सांगितली. तेवढं कुणी आपल्याकडे मागत नाहीये. आठवड्यातला एक तास मागतंय, पण तो बारा वर्षं. यंदा दसऱ्याला गावावरून ट्रक निघायच्या आत ते एक पोर कोणतं, एवढं ठरवून ठेवू या.